जखमीकाकू

वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावर निरीक्षकसाहेबांनी घरातल्या वजनमापांकडे लक्ष वळवलं. नोकरीत असताना ते बाजारात शिरले की दुकानदारांचे हात आपोआप तागडीवरून खाली यायचे. आता ते स्वयंपाकघरात शिरले की बायकोचा हात तेलाच्या बुधल्यावरून खाली येऊ लागला. डब्यातला चमचा सपाट भरला की शीग लावून, दिवा कुणी चालू ठेवला, नळ किती वेळ सोडलेला होता, असल्या चौकशा दिवसभर चालत. बायको ऐकून घ्यायची. संसारातलं पहिलं दशक तिने उत्तरं देऊन पाहिली होती; पुढे तो नाद सोडला.

गावामागून नदी जात होती आणि आदल्या साली ती खालच्या वस्तीत शिरली होती. तेव्हा कोणी काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकाने जमेल ते केलं आणि बरेच लोक वाचले. असा गोंधळ पुन्हा होऊ नये असं महापालिकेच्या मनाने घेतलं. प्रत्येक प्रभागात आपत्ती स्वयंसेवकांचं पथक काढायचं, अग्निशमन केंद्रातून शिकवायला माणूस पाठवायचा आणि दर रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात वर्ग भरवायचा, असं ठरलं.

पहिल्याच रविवारी साहेब पथकाचे प्रमुख झाले. निवडणूक वगैरे झाली नाही. ते सगळ्यांच्या आधी जाऊन टेबलामागच्या खुर्चीवर बसले होते, एवढं पुरेसं ठरलं. पथकात दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, व्यायामशाळेचा मालक होता, त्याला सगळे पैलवान म्हणत, विम्याचे एजंट होते आणि पैलवानाच्या तालमीतले काही तरुण होते. पहिला तास नारिंगी जाकिटांच्या मापात गेला. दुसऱ्या तासाला जाकिटाच्या पाठीवर 'प्रमुख' ही अक्षरं केवढी असावीत यावर चर्चा झाली. शिकवायला आलेल्या बाई भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होत्या. त्या हडकुळ्या होत्या, कमी बोलायच्या आणि बरीच वर्षं बंबावर काम केलेल्या होत्या. गावात त्यांना बंबवाल्या बाई म्हणत. चर्चा संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता एक जखमी लागेल."

सगळ्यांनी फरशीकडे पाहिलं. फरशीवर खडूची भुकटी होती, कोपऱ्यात बाकं एकावर एक रचलेली होती आणि सगळे घरून इस्त्रीचे कपडे घालून आले होते. डॉक्टरीणबाईंना पाठीचा त्रास आठवला. विमावाले म्हणाले की त्यांच्या धंद्यात जखमी होणं अशुभ दिसतं. पैलवानाला उचलायचं कुणी हा प्रश्न होता. साहेबांनी तोडगा काढला.

"आमची ही येईल," ते म्हणाले. "घरीच तर असते."

पुढच्या रविवारी बायको सभागृहाच्या फरशीवर आडवी झाली. जुनी साडी नेसून आली होती, कारण नवी कशाला खराब करायची, असं साहेबांनी सांगितलं होतं. तिला कुणी काही समजावलं नव्हतं. डॉक्टरीणबाई गुडघे टेकून शेजारी बसल्या आणि हातातल्या पुस्तिकेत पाहून म्हणाल्या, "घाबरू नका, मी तुमच्यासोबत आहे. तुमचं नाव काय? कुठे दुखतंय?"

बायकोने थोडा विचार केला. मग सांगितलं की उजवा गुडघा जिना चढताना दुखतो, त्याला दोन-तीन वर्षं झाली. डावा खांदा सकाळी आखडतो. छातीत कधीकधी धडधडतं, पण ते सगळे झोपले की जास्त जाणवतं. ती अजून सांगणार होती, पण साहेबांनी वरूनच थांबवलं.

"अगं, खरं काय सांगत बसलीस? तुझा डावा पाय मोडलाय. चिठ्ठीत लिहिलंय."

सगळे हसले. बायकोही हसली आणि डावा पाय धरून कण्हली. बंबवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला गुडघ्यासाठी रोज करायचा एक व्यायाम दाखवला.

त्यानंतर बायको दर रविवारी जखमी होऊ लागली. कधी ती भाजली, कधी बुडाली, कधी तिच्यावर भिंत कोसळली. घरी तिने डावा हात धरून बसायची, शुद्धीवर येताना पापण्या हलवायची तालीम सुरू केली. कुणीतरी वाकून विचारतंय, पांघरूण घालतंय, डोक्याखाली हात देतंय, हे तिला आवडायला लागलं होतं, आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं. साहेबही तिच्यावर वाकायचे. छायाचित्र काढायचं असलं की तिचा हात हातात घेऊन, आवाज खाली आणून विचारायचे, "कुठे दुखतंय?" लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हा प्रश्न आणि तो आवाज तिने आधी ऐकला नव्हता. छायाचित्र निघालं की हात सुटायचा.

तिचं कण्हणं इतकं खरं वाटायचं की सभागृहाच्या खिडक्यांशी माणसं जमू लागली. आसपासची पोरं तिला जखमीकाकू म्हणायला लागली. किराणा दुकानदार पुडी बांधता बांधता विचारायचा, "काकू, या रविवारी काय होणारे तुम्हाला?" विजेचा धक्का, असं ती सांगायची आणि तो हळहळायचा.

साहेबांना हे खुपायला लागलं. पथकाचे प्रमुख ते, शिट्टी त्यांच्या गळ्यात, आणि लोक बघायचे तिच्याकडे. एके दिवशी जेवताना त्यांनी तिला कण्हणं जरा बेतात ठेवायला सांगितलं. सूचना ऐकू येत नाहीत म्हणे. तिने बरं म्हटलं. पुढच्या रविवारी ती अगदी हळू कण्हली, तर सगळे श्वास रोखून ऐकायला लागले आणि साहेबांच्या सूचना आणखीनच कुणी ऐकल्या नाहीत.

पथक शिकत होतं असं म्हणायला हरकत नव्हती. डॉक्टरीणबाई रिकामी सलाइनची बाटली हात उंच करून धरायला शिकल्या आणि ती बाटली दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयार होईनात. विमावाल्यांनी ध्वनिक्षेपकाचा ताबा घेतला. स्ट्रेचरवर माणूस बांधायची गाठ बंबवाल्या बाईंनी पुन्हापुन्हा दाखवली, पण पैलवान म्हणाला की त्याची स्वतःची एक गाठ आहे आणि ती बैलालाही सुटत नाही. साहेबांना शिकायचं असं काही उरलं नव्हतं. ते घड्याळ लावून बसायचे आणि कोण उशिरा आला हे सांगायचे.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेने मोठं प्रात्यक्षिक ठेवलं. शाळेच्या इमारतीला आग लागली आहे असं समजायचं, दुसऱ्या मजल्यावर जखमी अडकली आहे असं समजायचं, आणि पथकाने तिला जिन्यावरून खाली आणायचं. बघायला स्वतः आयुक्त येणार होत्या. मैदानात खुर्च्या मांडल्या, खऱ्या बंबाची गाडी शोभेला फाटकाशी आणून उभी केली आणि आयुक्तांची मोटार तिच्या अगदी नाकासमोर लावली, कारण सावली तेवढ्याच जागी होती. बंबवाल्या बाईंनी मोटार हलवायला सांगितलं. साहेब म्हणाले, आयुक्तांची मोटार हलवा म्हणून सांगणं बरं दिसत नाही.

धुरासाठी डबे आणले होते. ते वर्गाच्या मधोमध उघड्या फरशीवर ठेवायचे होते. पण खालून धूर नीट दिसेना, म्हणून पैलवानाने ते उचलून खिडकीत नेले. खिडकीला पडदे होते आणि खिडकीखाली शाळेच्या नाटकांचं कापडी सामान होतं.

बायकोच्या पायाला खोटं प्लास्टर घालून तिला स्ट्रेचरवर आडवं केलं, पैलवानाने छातीवरून, कमरेवरून आणि पायांवरून पट्टे बांधले. साहेबांनी शिट्टी दिली. पैलवान आणि त्याच्या तरुणांनी स्ट्रेचर उचललं, डॉक्टरीणबाईंनी बाटली उंच केली आणि मिरवणूक वर्गातून निघून जिन्याच्या तोंडाशी आली. तेवढ्यात मागे भस्सकन आवाज झाला. बायको पाठीवर होती, त्यामुळे तिला फक्त छत दिसत होतं. पण छताचा रंग बदलला एवढं तिच्या लक्षात आलं.

पैलवानाने मागे वळून पाहिलं. मग त्याने स्ट्रेचर फार हळुवारपणे खाली टेकवलं, "आलोच," असं म्हणाला आणि गेला. तरुण त्याच्या मागोमाग गेले. डॉक्टरीणबाईही गेल्या, बाटली मात्र त्यांनी उंच धरलेली होती आणि त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचून थांबल्या तेव्हाही ती तशीच होती. साहेबांनी आणखी एकदा शिट्टी वाजवली. त्यानंतर त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि मध्येच कुठेतरी बंद झाला.

बायकोने हाक मारली. आधी "अहो" म्हणून, मग "कुणी आहे का" म्हणून, मग नुसतीच ओरडली. तिचा आवाज खिडकीतून मैदानात पोचला. विमावाल्यांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की आपण आता ज्यांचा आवाज ऐकतोय त्या आपल्या सगळ्यांच्या लाडक्या जखमीकाकू आहेत, आणि अगदी खरी वाटावी अशी आग आपल्या पथकाने किती कमी साधनांत उभी केली आहे ते पाहा. मैदानात टाळ्या पडल्या. आयुक्त शेजारच्या माणसाला म्हणाल्या की या बाईंना नाटकात घ्यायला हवं. फक्त बंबवाल्या बाई खुर्चीवरून उठल्या होत्या. ज्वाळेचा रंग त्यांना ओळखीचा होता. त्या फाटकाकडे धावल्या आणि मोटार हलवा म्हणून ओरडू लागल्या. पण मोटारीचा चालक प्रात्यक्षिक नीट दिसावं म्हणून मैदानात येऊन उभा राहिला होता, आणि किल्ली त्याच्या खिशात होती.

वर टाळ्या ऐकू आल्या तेव्हा बायकोला कळलं की आपल्याला न्यायला कुणी येणार नाही. तिला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला, आणि इतका राग तिला कधी आल्याचं आठवत नव्हतं. ती पट्ट्यांखाली जोर लावून वळवळली. बैलाला न सुटणारी गाठ तिसऱ्या हिसक्याला सुटली. तिने कमरेचा पट्टा सोडला, पायाचा सोडला आणि उभी राहणार तोच धूर डोळ्यांत गेला. धूर वर जातो, तुम्ही खाली राहा, असं बंबवाल्या बाई दर रविवारी सांगायच्या; ती फरशीवर पडून दर रविवारी ते ऐकायची. ती बसली, पदर तोंडावर धरला आणि पायरी पायरीने बसल्या बसल्याच उतरू लागली. गुडघा ठणकत होता.

मधल्या वळणावर साहेब होते. भिंतीला पाठ लावून पायरीवर बसले होते, जाकीट अंगात, शिट्टी तोंडात. प्रत्येक श्वासाबरोबर शिट्टी बारीक वाजत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्यासारखं दिसलं नाही. पाचावर धारण बसणं म्हणजे काय हे तिने आजवर ऐकलं होतं, आता पाहिलं.

ती त्यांच्या शेजारी टेकली. काय बोलावं याचा तिला विचार करावा लागला नाही. ते शब्द तिने इतक्या वेळा ऐकले होते की ते आपसूक तोंडी आले, आणि आवाजही तोच आला, खाली आणलेला.

"घाबरू नका, मी तुमच्यासोबत आहे. तुमचं नाव काय?"

साहेबांनी शिट्टी तोंडातून काढली. त्यांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं आणि पुढे "निवृत्त निरीक्षक" असंही जोडलं.

"कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही," ते म्हणाले. "पाय उचलत नाहीत गं."

"उचलतील. माझ्या गळ्यात हात टाका."

त्यांनी लहान मुलासारखा हात टाकला. तिने त्यांना कमरेला धरून उठवलं आणि अर्धं ओढत, अर्धं ढकलत खाली आणलं. दोघं दारातून बाहेर आली तेव्हा मोटार एकदाची हलली होती आणि बंबाची गाडी आत शिरत होती. पाण्याचा फवारा वर गेला. मैदानात सगळे उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण लोकांना जे दिसलं ते असं होतं: खोट्या प्लास्टरचा पाय घेऊन लंगडणारी बाई, आणि तिच्या गळ्याभोवती हात टाकून तिला बाहेर आणणारे, काजळीने माखलेले, पाठीवर 'प्रमुख' लिहिलेले साहेब. स्थानिक वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने नेमकं तेच टिपलं.

आग लवकर विझली. एक वर्ग काळा झाला आणि नाटकातले राजवाडे जळाले. आग खरी होती हे आयुक्तांना कळायला बराच वेळ लागला. कळल्यावर त्यांनी तातडीने मानचिन्ह मागवलं. ते आधीच तयार होतं, त्यावर फक्त 'सहभागाबद्दल' असं होतं. 'शौर्याबद्दल' असं तोंडी जाहीर केलं.

बंबवाल्या बाई जिन्यावर जाऊन स्ट्रेचर पाहून आल्या होत्या. त्या बायकोजवळ बसल्या, तिला पाणी दिलं आणि पट्टे कुणी सोडले, असं विचारलं.

"सुटले," बायको म्हणाली. पैलवान जवळच उभा होता. तो आपली गाठ धुरामुळे ढिली पडल्याचं कुणाला तरी समजावून देत होता.

"आणि साहेबांना खाली कुणी आणलं?"

बायकोने मैदानाकडे पाहिलं. साहेब मानचिन्ह हातात घेऊन दोन शब्द बोलत होते. धैर्य हे अंगात असावं लागतं, प्रशिक्षणाने फक्त त्याला वळण लागतं, असं काहीतरी चाललं होतं.

"धुरात कुठं काय दिसत होतं," ती म्हणाली.

बंबवाल्या बाईंनी मान हलवली आणि पुढे विचारलं नाही. नदीपलीकडच्या प्रभागातल्या पथकाला चांगला जखमी मिळत नाहीये, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. तिथे सगळे उचलायला तयार आहेत, पडायला कुणी नाही.

त्या संध्याकाळी साहेब घरी मानचिन्ह कुठे ठेवायचं हे बघत होते. आधी दूरचित्रवाणीवर ठेवलं, मग कपाटात, मग पुन्हा दूरचित्रवाणीवर. बायको पाय वर घेऊन बसली होती आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती. मुलीचा परगावाहून फोन येऊन गेला होता. तिने मोबाइलवर छायाचित्र पाहिलं होतं आणि बाबांनी आईला आगीतून काढलं म्हणून तिला रडू फुटलं होतं. बायकोने सांगितलं, छायाचित्र चांगलं आलंय, बाबा बारीक दिसतायत.

साहेब मानचिन्ह पुसत म्हणाले, "मी परत वर येणारच होतो. तेवढ्यात तू आलीस."

"तुम्ही जिन्यावर बसला होतात."

"बसलो नव्हतो. परिस्थितीचा आढावा घेत होतो."

"आणि मला नाव सांगितलंत. हुद्द्यासकट."

साहेबांनी मानचिन्हावर फुंकर मारली. फडकं मानचिन्हावर फिरत राहिलं. मग ते म्हणाले की हे बाहेर कुठे बोलायचं काही कारण नाही, पथकाच्या मनोधैर्यावर परिणाम होईल.

"मी कशाला बोलू," ती म्हणाली. "पण रविवारी मी नाहीये. नदीपलीकडे बोलावलंय."

साहेबांनी तिथल्या तिथे हरकतीचे मुद्दे काढायला सुरुवात केली. रविवारचं जेवण, आपल्या पथकाची अडचण, दुसऱ्या प्रभागात जायला कुणाची परवानगी. बोलता बोलता त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. ती वाद घालत नव्हती, नेहमीसारखी ऐकूनही घेत नव्हती. ती त्यांच्याकडे नुसती बघत होती, जिन्यावर बघितलं होतं तशी. त्यांनी मुद्दे आवरते घेतले. समाजसेवाच आहे शेवटी, असं ते म्हणाले.

साहेबांच्या पथकाला नवा जखमी मिळाला नाही. फरशीवर झोपायला अजूनही कुणी तयार नव्हतं, आणि आता तर स्ट्रेचरवर बांधून घ्यायचं म्हटलं की भलेभले दाराकडे सरकायचे. शेवटी बंबवाल्या बाईंनी कापूस भरून एक बाहुला करायला सांगितला. अंगात घालायला कपडे हवे होते, तर बायकोने घरून साहेबांची कचेरीतली जुनी पँट आणि शर्ट पाठवून दिला. खिशाला शाईचा डाग होता, त्यामुळे ओळखू येत होता. पथकाने त्याला पहिल्या दिवशी दोनदा पाडलं आणि एकदा जिन्यावर विसरलं. साहेब शिट्टी हातात धरून ते बघत उभे राहिले आणि वर्ग लवकर सुटला.

बायकोचं नाव मात्र पसरलं. नदीपलीकडून बोलावणं आलं होतंच, मग वरच्या वस्तीतून आलं, मग बसआगाराच्या लोकांनी अपघाताच्या तालमीसाठी मागणी केली. तिने स्वतःची अट घातली होती: पट्टे बांधणाऱ्याने आधी गाठ तिच्यासमोर बांधून दाखवायची. ज्यांना जमायची नाही त्यांना ती परत बांधायला लावायची, आडवी व्हायची नाही. लोक कुरकुरत शिकायचे.

पावसाळा लागून बरेच दिवस झाले होते. एका रविवारी सकाळी दारात जीप येऊन थांबली. बायको नवी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर निघाली. साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांच्या हातात डाव होता आणि तो कशात घालायचा हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, कधीपर्यंत येशील.

"आज भूकंप आहे," ती पायात चपला सरकवत म्हणाली. "उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या."